पहिलं बाळंतपण, कट आणि टाके: फाटण्याचा धोका कमी करायला आधीपासून काय करता येतं?

सुरंगी_म्हापसा
नमस्कार सगळ्यांना. मला आता ३३वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. चेकअप सगळे नॉर्मल, बाळाचं डोकं खाली आहे, डॉक्टर म्हणतायत नॉर्मल डिलिव्हरीला काही अडचण दिसत नाही. मला कळांची भीती नाही वाटत एवढी, भीती वाटते ती फाटण्याची आणि टाक्यांची. माझ्या नणंदेला डिचोलीला असताना खालून कट दिला होता, म्हणजे बाळ बाहेर यायला योनीमुखाशी छेद, त्यानंतर बरेच महिने तिला धड बसता येत नव्हतं, बाळाला पाजायलासुद्धा आडवी पडून पाजायची. तिला विचारलं तर म्हणते सगळ्यांनाच देतात, त्यात काय एवढं. खरंच सगळ्यांना लागतो का? आपल्या हातात काही आहे का? खालच्या जागेचा मसाज वगैरे ऐकलंय पण घरात कोणाला विचारणार, आणि ओपीडीत एवढी गर्दी असते की दोन मिनिटांत बाहेर. ज्यांना अनुभव आहे किंवा माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा.

अबोली
मी केला होता मसाज, खोबरेल तेलाने, शेवटचा महिनाभर. मला थोडं फाटलं पण वरवरचं, दोन-तीन टाके, पंधरवड्यात मी नीट चालत होते. मसाजमुळेच की नशिबाने ते मी सांगू शकणार नाही. पण एक फायदा नक्की झाला, तिथे ताण पडल्यावर कसं जळजळतं ते आधीच माहीत होतं त्यामुळे ऐनवेळी मी अंग आवळून घेतलं नाही.

लेबररूम_सिस्टर
सुरंगी, तू विचारलंस ते फार बरं केलंस. मी गोव्यातल्याच एका सरकारी इस्पितळात लेबर रूमला काम करते, खूप वर्षं झाली. सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे कळा घेऊन आलेल्या बाईला त्या वेळी समजावून सांगायला वेळही नसतो आणि तिला ऐकू येण्याच्या परिस्थितीतही ती नसते.

पहिली गोष्ट, पहिल्या नॉर्मल बाळंतपणात थोडंफार फाटणं, खरचटणं किंवा कट हे बहुतेक सगळ्यांना होतं. इंग्लंडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा आकडा आहे की पहिलटकरणींत १० पैकी ९ जणींपर्यंत. हे वाचून घाबरू नकोस कारण यातलं बरंचसं पहिल्या किंवा दुसऱ्या दर्जाचं असतं. पहिला दर्जा म्हणजे फक्त कातडी, कधीकधी टाकासुद्धा लागत नाही. दुसरा म्हणजे योनीमुख आणि शीची जागा यांच्या मधल्या भागातला स्नायू फाटतो, टाके लागतात आणि भरून येतं. जपायचं असतं ते तिसऱ्या आणि चौथ्याला. तिसऱ्यात शी धरून ठेवणारा स्नायू फाटतो, चौथ्यात त्याच्या आतलं आतड्याचं अस्तरसुद्धा. तिकडचाच आकडा, पहिल्या खेपेला १०० त साधारण ६ जणी, आधी नॉर्मल झालेली असेल तर १०० त २ पेक्षा कमी.

कोणाला जास्त धोका? पहिलं बाळंतपण, बाळ ४ किलोच्या वर, डोकं खाली पण बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असलेलं, चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागणं, जोर लावायचा काळ फार लांबणं, बाळाचा खांदा अडकणं. आणि त्या परदेशी अभ्यासांत आपल्याकडच्या म्हणजे दक्षिण आशियाई बायकांना जास्त धोका दिसलाय, म्हणून आपण जास्तच लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. यातल्या बऱ्याच गोष्टी तुझ्या हातात नाहीत, त्यामुळे उद्या फाटलंच तर "मी काहीतरी कमी केलं" असं मनात अजिबात आणू नकोस.

आता काय करता येतं ते. चार गोष्टींना बऱ्यापैकी आधार आहे. आधी घरी करायचा मसाज. मग जोर लावायच्या काळात गरम पाण्याचा शेक. मग डोकं बाहेर येताना सिस्टरने किंवा डॉक्टरांनी हाताने दिलेला आधार. आणि डोकं हळू बाहेर येऊ देणं. माझ्या मते शेवटची सगळ्यात मोठी, आणि तीच आपल्याकडे सगळ्यात कमी होते. सगळेजण "जोर लाव जोर लाव" ओरडत असतात, डोकं दिसायला लागल्यावरसुद्धा. खरं तर डोक्याचा सगळ्यात रुंद भाग तिथे येतो तेव्हा जोर थांबवून तोंडाने हा-हा-हा असे छोटे श्वास घ्यायचे, कळ आपोआप जेवढं ढकलते तेवढं पुरतं. ती दोन-तीन मिनिटं मिळाली तर कातडीला ताणायला वेळ मिळतो. ड्युटी संपायच्या आधी वेळ काढून कटबद्दल वेगळं लिहिते.

केप्याची_काकी
अगो बाय, आमच्या वेळेला वयजीण, म्हणजे सुईण, यायची घरी. तिला कोणी शाळा शिकवली नव्हती पण ती गरम पाण्यात कापड पिळून तिथे धरून बसायची आणि म्हणायची आता नको जोर लावू, थांब थांब. आडवं झोपवायची नाही, खांबाला धरून उकिडवं बसवायची नाहीतर कुशीवर. सिस्टर सांगते तेच हे. तू नवव्या महिन्यात दुधात तूप घालून पी, सगळं सैल होतं. आणि झाल्यावर धुरी घे शेणीची, टाके लवकर सुकतात.

फिजिओ_फोंडा
काकी, गरम कापडाचं वाचून खूप बरं वाटलं, कारण आता त्याला अभ्यासांचा पाठिंबा आहे. २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते) गरम शेक दिलेल्या बायकांत तिसऱ्या-चौथ्या दर्जाचं फाटणं जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तुपाचं मात्र तसं नाही, खाल्लेलं तूप पोटात पचतं, ते त्या जागेपर्यंत पोचत नाही. आवडत असेल तर खावं पण वजन आणि शुगर बघून, कारण शुगर वाढली तर बाळ मोठं होतं आणि मग उलट फाटायचा धोका वाढतो. जिला गरोदरपणातली शुगर आहे तिने डॉक्टरांनी सांगितलेला आहार पाळणं हेसुद्धा यातच आलं. आणि कृपा करून एरंडेल कोणी पिऊ नका कळा आणायला, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होतं.

धुरीबद्दल जरा कडक बोलते. ताज्या टाक्यांवर निखाऱ्याचा शेक नको. ती जागा सुजलेली, बधिर असते, भाजलं तरी पटकन कळत नाही, आणि धूर बाळाच्या छातीलाही वाईट. पहिला एक-दोन दिवस उलट थंड बरं, बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. नंतर टबात कोमट पाणी घेऊन बसा.

सुरंगी_म्हापसा
सिस्टर, फिजिओ ताई, काकी, सगळ्यांचे खूप आभार. मसाज नक्की कसा करायचा ते कोणी नीट सांगेल का, मी व्हिडिओ बघितले पण प्रत्येकात वेगळंच सांगतात. आणि पोट एवढं पुढे आलंय की हात पोचेल असं वाटत नाही.

फिजिओ_फोंडा
सांगते. ३४-३५ आठवड्यांनंतर सुरू करायचा, त्याआधी नाही. आणि आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, योनीत इन्फेक्शन किंवा हर्पिसचे फोड असतील, मुदतीआधी कळांचा त्रास झालेला असेल तर करायचा नाही.

अंघोळीनंतर करा, अंग सैल असतं. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. तेल साधं, वास नसलेलं, आपल्याकडचं घाण्याचं खोबरेल चालतं, बदामाचं चालतं. व्हॅसलिन नको. उशांना टेकून अर्धवट बसा, गुडघे बाजूला, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहा. अंगठा तीन ते पाच सेंटीमीटर आत, म्हणजे पहिल्या पेराच्या थोडा पुढे, आणि खाली शीच्या जागेच्या दिशेने दाबा आणि बाजूला ताणा. घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं तर तीनपासून खाली सहावरून नऊपर्यंत, वरच्या बाजूला लघवीच्या जागेकडे दाब द्यायचा नाही. ताण जाणवेल, थोडी जळजळ होईल, तिथे मिनिट-दोन मिनिट थांबा आणि श्वास सोडत ती जागा सैल सोडायचा सराव करा. दुखलं तर दाब कमी करायचा. पाचेक मिनिटं पुरे. पोट आड येत असेल तर नवरा करू शकतो, त्याने दोन्ही तर्जन्या वापरायच्या, आणि तू सांगशील तिथे थांबायचं. संकोच वाटत असेल तर नको, जबरदस्तीने करण्यासारखी ही गोष्ट नाही.

रोज केलाच पाहिजे असंही नाही, आठवड्यातून एक-दोनदासुद्धा पुरतो. कॉक्रेनच्या आढाव्यात दिसलं ते असं की पहिल्यांदा नॉर्मल होणाऱ्या साधारण १५ जणींनी मसाज केला तर त्यातली एक टाक्यांपासून वाचते, कटही कमी लागतो. तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या फाटण्यावर मात्र मसाजचा स्पष्ट फरक दिसला नाही, म्हणून नुसता मसाज केला की झालं असं समजू नका, गरम शेक आणि डोकं हळू येणं ते काम करतात.

अजून एक. सगळीकडे कीगल करा कीगल करा सांगतात, म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, ते चांगलंच आहे, लघवी गळू नये म्हणून उपयोगी आहे, पण शेवटच्या महिन्यात आवळण्याइतकंच सोडायला शिका. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना आवळता येतं, सोडता येत नाही. जबडा आणि खांदे सैल सोडून लांब श्वास सोडला की खालचा भागही सैल होतो, करून बघा.

नेत्रा_डिचोली
माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कट दिला की सरळ रेषेत जखम होते, वेडंवाकडं फाटत नाही आणि लवकर भरते. मग कट वाईट कसा? मला दिलेला, मला काही त्रास नाही झाला.

लेबररूम_सिस्टर
नेत्रा, तुला त्रास झाला नाही हे चांगलंच. आम्हालाही शिकताना हेच शिकवलं होतं. पण नंतर तुलना केल्यावर उलटं दिसलं. सरसकट सगळ्यांना कट आणि फक्त गरज असेल त्यांनाच कट, असे दोन गट बघितले तर दुसऱ्या गटात गंभीर फाटणं साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं. कारण सोपं आहे, कट हाच मुळात दुसऱ्या दर्जाच्या फाटण्याएवढा असतो, स्नायू कापला जातो, आणि जिला कदाचित नुसती कातडी फाटली असती तिलाही तेवढी जखम होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की सरसकट कट देऊ नये. त्याच मार्गदर्शनात पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलायलाही नको म्हटलंय, आणि शेक, हाताचा आधार, जोर लावायच्या काळातला मसाज यांची शिफारस आहे.

पण कट कधीच नको असंही कोणी डोक्यात घेऊ नका. बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले आणि लवकर बाहेर काढायचं असेल, चिमटा लावायचा असेल, तर कट लागतो आणि तो द्यायलाच हवा. त्या वेळी बाळाचा जीव महत्त्वाचा. द्यायचा झाला तर तिरका, डोकं ताणलेलं असताना मध्यरेषेपासून साधारण ६० अंशांत, सरळ खाली शीच्या जागेकडे नाही. आणि बधिर करूनच. बधिर न करता कट किंवा टाके घातल्याच्या गोष्टी मी बायकांकडून ऐकते तेव्हा मला फार राग येतो. इंजेक्शन मागा, तो तुमचा हक्क आहे, लाजू नका.

माझ्या लेबर रूममध्ये शेकाला लागतं काय तर गरम पाणी आणि निर्जंतुक पॅड. दर कळेला लावायचा, मध्ये बदलायचा, आधी स्वतःच्या मनगटावर बघायचा. पाठीत इंजेक्शन घेऊन खालचा भाग बधिर असेल तर जास्त जपायचं. खर्च काहीच नाही, लागतो तो एक मोकळा हात, आणि तीन टेबलं एकाच वेळी भरलेली असली की तोच नसतो. हे मी मान्य करते, आणि म्हणूनच सोबतीला आपलं माणूस असावं असं म्हणते.

बाबा_होणार_पेडणे
नवरे लोकांनी इथे लिहिलं तर चालेल ना. बायकोला ३६वा आठवडा चालू आहे, मी हा धागा तिला वाचून दाखवला. आत सोबत राहू देतात का? आणि राहिलो तर मी नक्की काय करायचं, मला नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं नाहीये.

लेबररूम_सिस्टर
चालेल काय, हवंच. केंद्र सरकारचा लक्ष्य नावाचा कार्यक्रम २०१७ साली सुरू झाला, लेबर रूम सुधारण्यासाठी, त्यात बाईबरोबर सोबतीण असावी आणि तिला सोयीची पोझिशन घेऊ द्यावी हे आहे. सरकारी इस्पितळात बऱ्याच ठिकाणी सोबतीला बाईमाणूस घेतात, कारण एकाच खोलीत इतर बायकाही असतात. खाजगीत नवऱ्याला घेतात बहुतेक. म्हापसा, मडगाव, बांबोळी, कुठेही जाणार असाल तरी आधीच जाऊन विचारून ठेवा, ऐनवेळी दारात वाद नको. तुम्हाला नाही सोडलं तर सासू किंवा आई जी कोणी आत जाईल तिला हे सगळं सांगून ठेवा.

करायचं काय तर तिला पाठीवर सपाट पडू देऊ नका, उशी द्या, कुशीवर वळायला मदत करा, वरचा पाय धरा. कुशीवर झालेल्या बाळंतपणात डोकं हळू येतं, आम्हाला नीट दिसतंही. उभं-बसून बाळंत होण्यात कट कमी लागतो पण दुसऱ्या दर्जाचं फाटणं किंचित वाढू शकतं, म्हणून अमुकच पोझिशन चांगली असं नाही, जी तिला सोसेल ती. आणि सिस्टर थांब म्हणाली की तिच्या कानाशी तुम्ही श्वास घ्यायचा, ती तुमचा ऐकून घेईल.

मोगरा_वाळपई
मी हे कधी कुठे लिहिलं नाही. मला तिसऱ्या दर्जाचं फाटलं होतं. कुठल्या इस्पितळात ते सांगत नाही. मला कोणी सांगितलंच नाही की तिसरं आहे, फक्त "जरा जास्त टाके आहेत" म्हणाले. घरी आल्यावर वारा सरला की धरता यायचा नाही, कधी कधी शीसुद्धा. मला वाटलं बाळंतपणानंतर असंच होत असेल. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी देवासमोर बसायलासुद्धा तयार नव्हते, खोलीतून बाहेर यायला घाबरायची. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मला जवळ घेऊन रडल्या, म्हणाल्या त्यांनाही माझ्या नवऱ्याच्या वेळी असंच झालेलं आणि त्यांनी आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही. मग त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं. फिजिओ आणि औषधं, हळूहळू बरंच सुधारलं.

म्हणून माझी विनंती आहे सगळ्यांना, टाके घातल्यावर विचारा, कितव्या दर्जाचं फाटलं, डिस्चार्ज पेपरवर लिहा. शीच्या जागेतून बोट घालून तपासलं का तेही विचारा, कारण तसं तपासल्याशिवाय आतला स्नायू फाटलाय का ते कळत नाही.

अबोली
मोगरा, तुझं वाचून डोळे भरून आले. लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार गो. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

फिजिओ_फोंडा
मोगरा, खूप धीराचं काम केलंस. हे किती बायका सहन करत बसतात. वारा किंवा शी धरता न येणं हे "होतंच" मध्ये मोडत नाही, त्याला उपचार आहेत आणि लवकर आलात तर जास्त फायदा होतो.

टाक्यांच्या काळजीचं इथेच लिहिते. टाके बहुतेक विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहा, जळजळ कमी होते. पुढून मागे पुसा. पॅड वरचेवर बदला, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत, दमट कपडे वापरू नका, इस्त्री फिरवा. शी कडक होऊ देऊ नका, ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाळंतिणीला नुसती पेज आणि सुकं खायला देतात आणि पाणी कमी पाजतात, त्याने बद्धकोष्ठ होतो. पेज द्या, पण त्यासोबत भाजी, मूग, फळं आणि भरपूर पाणी. तिसऱ्या-चौथ्या दर्जात डॉक्टर शी मऊ करणारं औषध आणि अँटिबायोटिक देतात, ते मध्येच सोडू नका. ताप आला, घाण वास, पू, टाका उसवला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर सहाव्या आठवड्याच्या चेकअपची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

सुरंगी_म्हापसा
हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. पुढच्या चेकअपला डॉक्टरांना काय आणि कसं विचारू, म्हणजे त्यांना राग येणार नाही आणि दोन मिनिटांत होईल?

लेबररूम_सिस्टर
राग कशाला येईल. चिठ्ठीवर लिहून ने आणि चिठ्ठीच पुढे कर. मी मसाज सुरू करू का, मला काही अडचण आहे का. तुम्ही कट सगळ्यांना देता की गरज पडली तर. जोर लावताना गरम शेक मिळेल का. कुशीवर बाळंत होता येईल का. डोकं येताना मला हळू सांगाल का. सोबत कोणाला आणता येईल. एवढंच. आणि ज्या दिवशी कळा घेऊन येशील त्या दिवशी ड्युटीवर वेगळेच डॉक्टर असतील, त्यामुळे तीच चिठ्ठी फाईलच्या पहिल्या पानाला लावून ठेव आणि आत आल्याआल्या सिस्टरला दाखव. आम्ही वाचतो.

मोगरा_वाळपई
सिस्टर, एक शेवटचं विचारू का. मला आता दुसरं हवंय, पण परत तसंच झालं तर? सगळे म्हणतात थेट सीझर करून घे.

लेबररूम_सिस्टर
विचार गो, त्यासाठीच आहे. आधी तिसरा-चौथा दर्जा झालेला असेल तर पुढच्या नॉर्मलला परत तसं होण्याची शक्यता १०० त ५ ते ७, म्हणजे बहुतेक जणींना परत होत नाही. पण तुझं ठरवताना आकड्यापेक्षा आत्ता तुला काही त्रास उरलाय का हे महत्त्वाचं. वारा-शी धरण्याचा त्रास अजून असेल, किंवा सोनोग्राफीत तो स्नायू नीट जुळलेला दिसला नाही, तर सीझरचा विचार करतात. त्रास काही नसेल तर नॉर्मल होऊ शकतं, आणि फक्त आधी फाटलं होतं म्हणून कट द्यायचा असंही नसतं. सीझरचेही स्वतःचे धोके आहेत, पुढच्या गरोदरपणातल्या वारेच्या धोक्यांसकट, त्यामुळे शेजारणींच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. दिवस राहायच्या आधीच जुने पेपर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, बांबोळीच्या इस्पितळात त्या स्नायूची तपासणी होते का ते त्यांनाच विचार, आणि सासूबाईंना बरोबर ने. पेपर मिळत नसतील तर जिथे बाळंत झालीस तिथे रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज दे, नाव, वय आणि दाखल झाल्याची तारीख घालून.